अडीच फुटांची वाट: मिरज ते लातूर

आमच्या घरात तिला रेल्वे कुणी म्हणत नसे. 'लाईट' म्हणत. "लाईट गेली का गं?" असं आजीने विचारलं की कुर्डुवाडीची गाडी सुटली का, असा त्याचा अर्थ. बार्शी लाईट रेल्वे हे पूर्ण नाव. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आज त्या मार्गावर सगळीकडे साडेपाच फुटी रुंद रूळ आहेत, वर विजेच्या तारा आहेत, आणि 'लाईट' हा शब्द माझ्या वयाच्या लोकांच्या बोलण्यातच तेवढा उरला आहे.

तिच्याविषयी आता जे सांगितलं जातं त्यात निम्मं कौतुक असतं आणि निम्मी थट्टा. खेळण्यातली गाडी. चालत्या डब्यातून उतरून बोरं तोडावीत आणि पळत येऊन परत चढावं, अशी गाडी. मला ती थट्टा कधीच आवडली नाही, कारण माझे आजोबा बार्शीत अडत दुकानावर दिवाणजी होते आणि त्यांच्या वहीतला निम्मा हिशेब त्या गाडीच्या वाघिणींचा, म्हणजे मालडब्यांचा, असे. संक्रांत झाल्यावर चार दिवस मोकळे काढले आणि मिरजेपासून लातूरपर्यंतचा पूर्ण मार्ग तुकड्या-तुकड्यांनी केला. लाईटच्या काळात तो २०२ मैलांचा होता, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर. एवढं लांब खेळणं कुणी करत नाही.

पहिला दिवस: मिरज ते पंढरपूर

मी उलट्या टोकाने सुरुवात केली. बार्शीहून लाईन पसरत पसरत सर्वांत शेवटी मिरजेला पोहोचली, १९२७ साली. पण मिरजेपासून निघालं की सगळ्यात नव्या तुकड्यापासून सगळ्यात जुन्याकडे जाता येतं, आणि मला तसंच जायचं होतं.

मिरज जंक्शनवर उभं राहिलं की आता सगळे रूळ एका मापाचे दिसतात. एके काळी हे स्टेशन रुळांचं प्रदर्शनच होतं. १९७१ साली पुण्याकडून रुंद रूळ आले, बेळगावच्या दिशेने मीटर गेज, म्हणजे रुळांमधलं एक मीटरचं माप, तसाच राहिला आणि पूर्वेला पंढरपूरकडे अडीच फुटी लाईन. त्यानंतर वीसेक वर्षं तिन्ही मापांच्या गाड्या या एका स्टेशनात शेजारी शेजारी उभ्या राहत. मी लहानपणी मामाकडे येताना ते पाहिलं आहे. बाजूला कोल्हापूरची मोठी गाडी, आणि तिच्या खिडकीच्या खालच्या कडेला जेमतेम पोहोचणारं आमच्या डब्याचं छप्पर.

गाडीला वेळ होता म्हणून आदल्या संध्याकाळी सतारमेकर गल्लीत जाऊन आले. तंबोरे आणि सतारी घडवणारी घरं तिथे पिढ्यानपिढ्या आहेत. छताला टांगलेल्या भोपळ्यांकडे बोट दाखवून मी विचारलं, हे कुठून येतात? "पंढरपूर, मंगळवेढा. भीमेकाठी लावतात. आमच्या वडलांच्या वेळेला लाईटनं यायचे, गवतात गुंडाळून," असं एका कारागिरांनी सांगितलं आणि एका भोपळ्यावर बोटाने टिचकी मारून ऐकवली. फुटणारी वस्तू, हलकी, आणि जागा खाणारी. तसल्या मालासाठी घाई न करणारी गाडी बरीच.

मिरजेतली आणखी एक जागा मनात नोंदवून ठेवली: रेल्वेची हैदरखान विहीर. तिच्याविषयी शेवटच्या दिवशी.

सकाळच्या पॅसेंजरने निघाले. आरग, बेळंकी, सलगरे. कृष्णेचं पाणी जिथवर पोहोचलं आहे तिथवर ऊस आणि द्राक्षं, त्यानंतर माळ. कवठेमहांकाळच्या आसपास बेदाणा वाळवायच्या हिरव्या जाळीच्या शेड रुळांच्या दोन्ही अंगांना दिसतात. ढालगाव आणि जत रोडच्या पुढे जमीन उघडी पडत जाते. पावसाळ्यातही ढग इथून नुसते जातात. १९२० च्या दशकात या माळावरून लाईन नेणं सोपं गेलं असेल. बोगदे नाहीत, घाट नाहीत. सोपं नव्हतं ते तिथून उत्पन्न काढणं.

सलगऱ्याला एक आजी चढल्या, सोबत नातू आणि ज्वारीची छोटी पिशवी. "कुठं निघालाय ताई?" त्यांनी विचारलं. पंढरपूर, तिथून पुढे लातूरपर्यंत, म्हटल्यावर त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या.

"एवढं लांब? एसटीनं जायचं की."

लाईटची वाट बघायची आहे, असं सांगितलं. त्या खिडकीकडे वळल्या. "ती बारकी होती, पर आमच्या वाडीम्होरं हुबी ऱ्हायची. ही मोठी. ही न्हाई थांबत."

या एका वाक्यात गेज बदलाचा जो हिशेब आहे तो कुठल्या समारंभात ऐकू येत नाही. रुंद रूळ आल्यावर वेग वाढला, कोल्हापूर-नागपूर अशा लांबच्या गाड्या सुरू झाल्या, माल एका दमात देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागला. हे सगळं चांगलंच झालं. पण लाईट ज्या खांबाशेजारी थांबे, तिथे आता नुसती पोस्टं मागे पळताना दिसतात.

चांगलं किती झालं, त्याचं उत्तर सांगोल्यात मिळतं. डाळिंबांचा हा तालुका. २०२० मध्ये किसान रेल सुरू झाल्या, आणि देशातली शंभरावी किसान रेल २८ डिसेंबर २०२० रोजी याच सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली. अडीच फुटी रुळांवरून हे होणं शक्य नव्हतं. सांगोल्याचं डाळिंब आधी कुर्डुवाडीत उतरवून मोठ्या वाघिणीत भरावं लागलं असतं, आणि त्या उतरचढीत किती फळं दबली असती ते कुठल्याही बागायतदाराला विचारावं.

पंढरपूरला दुपारी उतरले.

दुसरा दिवस: पंढरपूर, आणि कुर्डुवाडीची अर्धी दुपार

पहाटे चंद्रभागेवर गेले, नामदेव पायरीवर डोकं टेकवलं, मुखदर्शन घेतलं आणि स्टेशनात परत आले. एकादशी नव्हती, त्यामुळे गावाने श्वास घेतला होता.

कुर्डुवाडी ते पंढरपूर हा तुकडा १९०६ साली झाला. सुमारे ५२ किलोमीटर. त्याआधी मुंबई-सोलापूर मार्गावर उतरून वारकरी पायी किंवा बैलगाडीने येत. लाईट आल्यावर आषाढी-कार्तिकीला तिचे डबे पुरेनात. मग मालाच्या वाघिणींत माणसं बसवून नेत. डब्यांच्या टपावरसुद्धा माणसं. माझ्या आईला तिच्या लहानपणची एक आषाढी आठवते. वाघिणीचं दार उघडं ठेवलेलं, आत चूल सोडून सगळं घर मांडलेलं, आणि कुर्डुवाडीपासून पंढरपूरपर्यंत अभंग न थांबता चाललेला. एक थकला की दुसरा उचलायचा. टाळ वाजवायला जागा नव्हती म्हणून हातांनीच ठेका.

हा पट्टा रुंद झाला तो सगळ्या लाईनमध्ये आधी, या शतकाच्या सुरुवातीला. आष्टी, मोडनिंब अशी स्टेशनं पटापट जातात.

कुर्डुवाडीला मात्र मी ठरवून थांबले. हे गाव रेल्वेनेच घडवलं. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ १८५९ च्या ऑक्टोबरमध्ये इथवर आले तेव्हा स्टेशनला नाव दिलं ते 'बार्शी रोड'. ज्या गावाला रूळ पोहोचत नाहीत, पण ज्याचा माल हवा आहे, त्याच्या नावापुढे 'रोड' लावायचा, ही रेल्वेची रीत. जत रोड, कळंब रोड, सगळे त्याच रीतीचे. बार्शी इथून वीस-बावीस मैलांवर. कापूस, करडई, जवस, तूर, सगळं बैलगाड्यांवर लादून या स्टेशनात यायचं.

त्या बैलगाड्या बघून एका माणसाच्या डोक्यात ही लाईन आली. एव्हरर्ड कॅलथ्रॉप, जन्म १८५७. १८८२ पासून तो ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत इन्स्पेक्टर होता. स्वतःच्या सुट्टीत आणि स्वतःच्या पैशाने त्याने मार्गांची पाहणी केली, नोकरी सोडली, आणि परवानग्यांच्या मागे वर्षानुवर्षं फिरून १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी केली.

त्याने काय केलं हे मी बरंच वाचलं होतं. पण ते नीट कळलं ते कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका फिटरकाकांकडून. त्यांची नोकरी वाफेवर सुरू झाली आणि डिझेलवर संपली. चहाच्या टपरीवर त्यांनी स्टूलवर बोट टेकवलं.

"काका, एवढ्या बारक्या रुळांवर एवढा माल कसा नेत होते?"

"बारके रूळ म्हणून बारका माल, असं लोक समजतात. तसं नव्हतं ताई. पालखी बघितलीय ना? पालखी किती जड असते. पण भोई चार असतात आणि चौघांच्या खांद्यावर सारखा भार असतो. एका खांद्यावर आला तर माणूस बसेल खाली. लाईटचं गणित तेच. एका ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका जोडीच्या आसावर, पाच टन. इंजिन असो, डबा असो, वाघीण असो, पाचच्या वर नाही."

मी तिथेच वहीत मांडलं. चार ॲक्सलच्या वाघिणीचा एकूण भार झाला वीस टन. कॅलथ्रॉपने वाघिणी पोलादी पत्रा दाबून घडवलेल्या घेतल्या, त्यामुळे वाघिणीचं स्वतःचं वजन पाच टनांच्या आसपास राहिलं आणि उरलेले पंधरा टन माल भरता आला. म्हणजे दर चार किलोत तीन किलो माल. भार सगळ्या चाकांवर सारखा वाटल्यामुळे रूळ हलके चालले: सुरुवातीला यार्डाला ३० पौंड, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलो. आज मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचा रूळ टाकतात. रूळ हलके म्हणून खर्च कमी, पूल हलके म्हणून खर्च कमी, आणि खर्च कमी म्हणून जिथे मोठी रेल्वे कधीच आली नसती तिथे ही आली. त्या वेळी अडीच फुटी रुळांकडे दगडखाणीतल्या ट्रामच्या जातीचं म्हणून बघत. ते लोकांच्या गळी उतरवण्यासाठी १८९४ साली इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीचा मार्ग टाकून ही सगळी गाडी चालवून दाखवली गेली. इंजिनं लीड्सच्याच किटसन कंपनीची, आठ जोडचाकांची, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांची.

यातली मला सर्वांत भावलेली गोष्ट अशी. सात वर्षं बार्शीची लाईन चालवून झाल्यावर, १९०४ मध्ये, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी रेल्वे सुरू झाली. अभियंता कॅलथ्रॉप, माप अडीच फूट, नमुना बार्शीचा. विलायतेत काहीतरी बनायचं आणि मग त्याची नक्कल इथे यायची, हे आपल्याला सवयीचं. इथे वाट उलटी होती. ती विलायती लाईन १९३४ साली बंद पडली आणि तिच्या वाटेवरून आता लोक चालतात, सायकली फिरवतात. बार्शीची त्यानंतरही सत्तर वर्षांहून जास्त चालली.

एक गोष्ट मात्र फिटरकाकांनी लपवली नाही. कुर्डुवाडीतली उतरचढ. लाईटच्या वाघिणीतला प्रत्येक दाणा इथे हमालांच्या पाठीवरून मोठ्या वाघिणीत जायचा. त्यात वेळ जाई, पोती फुटत, माल सांडे. स्टॅफर्डशायरमध्ये कॅलथ्रॉपने मोठी वाघीणच उचलून छोट्या रुळांवरून नेणारे गाडे वापरले होते. आपल्याकडे शेवटपर्यंत पाठच वापरली गेली. रुंद रुळांच्या बाजूने बोलायचं झालं तर मला हे एकच कारण पुरेसं वाटतं, आणि ते वेगाचं नाही, माणसाच्या पाठीचं आहे.

रात्री कुर्डुवाडीतच मुक्काम केला. गाड्यांचे आवाज रात्रभर.

तिसरा दिवस: बार्शी

कुर्डुवाडी ते बार्शी. १८९७ साली सुरू झालेला हा पहिला तुकडा, सगळ्या लाईनचं मूळ. आता जेमतेम तासाभराचं अंतर. मध्ये शेंद्री. ज्वारी पोटऱ्यातून बाहेर येऊन दाण्यावर आली होती आणि बांधाबांधावर हुरड्याच्या आगट्या धुमसत होत्या. गाडीच्या डाव्या अंगाला काही ठिकाणी जुना भराव रुळांच्या सोबतीने चालतो, मध्येच त्यात घडीव दगडांची छोटी मोरी दिसते. मोरीची कमान माणसाच्या उंचीचीही नाही. एवढी लहान मोरी आणि इतकी नेटकी, की तिच्याकडे बघितल्यावर काम करणाऱ्याने हात आखडता घेतला नाही हे समजतं.

बार्शीला मामेभाऊ न्यायला आला होता. आधी भगवंताचं दर्शन घेतलं. माहेरी आलं की पहिलं पाऊल तिथे. मग बाजारपेठ, आणि मग आजोबांच्या वह्या, ज्या मामीने अजून कापडात बांधून ठेवल्या आहेत.

लाल कापडाच्या चोपड्या, मोडी आणि बाळबोध अर्धं अर्धं. मला मोडी सावकाश लागते. एका पानावर तुरीचा माल, पुढे 'वाघीण १' आणि पोत्यांचा आकडा. मी पुन्हा गणित केलं. पंधरा टन म्हणजे क्विंटलची दीडशे पोती. बैलगाडीवर फार तर दहा पोती लादत. म्हणजे एक वाघीण म्हणजे पंधरा बैलगाड्या, पंधरा गाडीवान, तीस बैल, आणि कुर्डुवाडीला जायला एक दिवस, यायला एक दिवस. आजोबांची पिढी लाईटचं एवढं का मानत होती ते त्या पानावर होतं. चढाओढ कुणाशी होती हे बघून गाडीचा वेग ठरवावा. आज मोटारसायकलवर बसून तिला सावकाश म्हणणं सोपं आहे. १८९७ साली तिच्या शेजारून बैल चालत होते.

बार्शीची जागा नकाशावर बघितली की लाईन इथेच का, हेही उलगडतं. बार्शी ब्रिटिशांच्या सोलापूर जिल्ह्यात, आणि तिच्या पूर्वेला लगेच निझामाचं राज्य सुरू. मराठवाड्यातला कापूस आणि गळिताची धान्यं सरहद्द ओलांडून बार्शीच्या पेठेत येत आणि इथून मुंबईला जात. दोन राज्यांच्या सांध्यावर बसलेली पेठ म्हणजे पैसा. म्हणून इथे जिन आले, गिरण्या आल्या. आणि पुढे १९४७-४८ मध्ये, हैदराबाद मुक्तीच्या लढ्यात, हीच सरहद्द जवळ असल्यामुळे रझाकारांच्या त्रासाने बाहेर पडलेली माणसं बार्शीच्या आसऱ्याला आली आणि सरहद्दीवरच्या छावण्याही याच भागात उभ्या राहिल्या. आजी सांगायची की त्या वर्षी घरात रोज अनोळखी माणसं जेवायला असत, आणि ती कुठून आली हे कुणी विचारत नसे.

कंपनी लंडनची होती, हेही इथे नोंदवायला हवं. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, तरी ही लाईन खासगीच राहिली. १ जानेवारी १९५४ ला सरकारने ती विकत घेतली आणि मध्य रेल्वेत सामील केली. आजोबांच्या वहीत त्या दिवसाची काहीच वेगळी नोंद सापडली नाही. वाघीण, पोती, भाडं. मालक बदलले, माल तोच.

कॅलथ्रॉपचं पुढे काय झालं ते मामेभावाला सांगितलं तेव्हा त्याला खरं वाटेना. या माणसाने नंतर विमानांसाठी पॅराशूट बनवलं. 'गार्डियन एंजल' हे त्याचं नाव, आणि पहिल्या महायुद्धात ते वापरातही आलं. घोड्यांचा तो मोठा जाणकार होता. अरबी घोडे पाळायचा. १९२७ च्या मार्चमध्ये तो वारला, त्याच वर्षी लाईन मिरजेला पोहोचली. बार्शीत त्याच्या नावाचा एखादा दगडही मला दिसला नाही. एखाद्या चौकाला नाव द्यावं असं मी म्हणत नाही. पण स्टेशनात एक पाटी असावी, ॲक्सलवरच्या पाच टनांचं गणित मांडलेली, शाळेतल्या पोरांना उभ्या उभ्या सोडवता येईल अशी.

चौथा दिवस: बार्शी ते लातूर

पांगरीपर्यंत जुनी वाट आणि नवी वाट साधारण एकच. तिथून ती फुटते. जुनी लाईट पांगरीहून बालाघाटाचा चढ चढून थेट येडशीला जायची. जिल्ह्याचं गाव धाराशिव तिच्या वाटेवर नव्हतंच, आणि तिथल्या लोकांना येडशीला येऊन गाडी धरावी लागे. रुंदीकरण करताना मार्ग वळवून धाराशिवला रुळांवर आणलं. शंभर वर्षांची तिथली मागणी अशी पुरी झाली.

मी येडशीला उतरले, रिक्षाने रामलिंगला गेले. दरीत उतरलेलं जंगल, माकडं, ओढ्याकाठचं देऊळ, आणि जटायू इथेच पडला अशी कथा. पावसाळ्यात इथे धबधबा असतो, आता नुसते ओले दगड. या घाटात लाईटचा वेग पार मंदावायचा. बोरं तोडण्याच्या गोष्टी इथल्याच. पण त्या चढावर इंजिनमागे काय काय असे, हे त्या गोष्टींत कधी येत नाही. आठ जोडचाकांचं इंजिन, प्रत्येक ॲक्सलवर मोजून पाच टन, मागे भरलेल्या वाघिणी, पावसाने ओले रूळ. सावकाश चढणं म्हणजे व्यवस्थित चढणं होतं.

पुढची गाडी धरून कळंब रोडला आले. जवळ कसबे तडवळे. लाईन निझामाच्या मुलुखात शिरली ती आधी तडवळ्यापर्यंत, १९०६ च्या सुमारास, आणि लातूरला पोहोचेपर्यंत पाचेक वर्षं हे शेवटचं स्टेशन होतं. याच कसबे तडवळ्यात फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. स्टेशनात माझ्याशेजारी बसलेल्या एका तरुण शिक्षकांनी ते अभिमानाने सांगितलं.

इथून तेर लांब नाही. गोरोबाकाकांचं गाव. आणि त्याच्याही आधी याच गावाचं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या नोंदीत लिहिलं आहे की पैठण आणि तगरहून कापड आणि इतर माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलुखातून, भडोचच्या बंदराला नेत. त्याच तेरणेच्या खोऱ्यातला कापूस एकोणिसाव्या शतकातही बैलगाडीवरच होता. मधल्या अठराशे वर्षांत चाक तेच, बैल तेच. मग १९०६ ते १९११ या पाच वर्षांत ते बदललं.

ढोकी, मुरूड, हरंगुळ. दुपारी लातूर.

लाईट इथे १९११ साली आली. तेव्हा लातूर निझामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव; स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ ला. गाडी आल्यावर सहा वर्षांनी, १९१७ साली, फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने गंजगोलाई आखली. मध्ये गोल, आणि त्यातून निघणारे सोळा रस्ते, प्रत्येक रस्त्यावर वेगळी पेठ. मी गोलाईत उभी राहून एकेक रस्ता मोजला. सराफा, भुसार, कापड, मिरची. रेल्वे आली नसती तर गोलाई झालीच नसती असं मी म्हणणार नाही. पण सोळा रस्त्यांनी आत आलेला माल बाहेर नेणारा एक रस्ता लोखंडाचा होता, आणि तो आधी टाकलेला होता.

२००७-०८ मध्ये या बाजूचा अडीच फुटी मार्ग संपला आणि रुंद रूळ कुर्डुवाडीपर्यंत जोडले गेले. मिरजेकडचं काम त्यानंतर दोन-तीन वर्षांत झालं. आणखी पाच-सहा वर्षांनी त्याचा जो उपयोग झाला तो कुणाच्या आराखड्यात नसावा.

२०१६ चा एप्रिल. लातूर शहराला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. ११ एप्रिलला मिरजेहून दहा टँकर वाघिणींची गाडी निघाली. पाणी कृष्णेचं, भरलं त्या हैदरखान विहिरीच्या पंपांवरून. टँकर राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन आणलेले. सलगरे, कवठेमहांकाळ, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, असे सुमारे ३४२ किलोमीटर येऊन १२ तारखेला पहाटे ती लातूरला पोहोचली. पाच लाख लिटर. नंतर पन्नास टँकरांच्या गाड्या सुरू झाल्या, दर फेरीला पंचवीस लाख लिटर. एकेका टँकरमध्ये पन्नास टन पाणी. लाईटच्या वाघिणीत पंधरा टन मावत, म्हणजे पहिल्याच गाडीला तेहेतीसहून जास्त वाघिणी लागल्या असत्या आणि त्याही बालाघाटाच्या चढावरून हळूहळू आल्या असत्या. तिला ते झेपलं नसतं, हे मी तिच्या बाजूची असूनही मान्य करते. पण मिरजेपासून लातूरपर्यंत सलग लोखंडी वाट असणं, हे तिचंच.

स्टेशनाजवळच्या ज्या विहिरीत ते पाणी उतरवलं तिच्याकडे संध्याकाळी गेले. शेजारी पानटपरी. टपरीवाल्या मावशींनी त्या पहाटेचं सांगितलं.

"अंधार होता. अर्धं गाव आलं होतं. कुनी हार आनले, कुनी नुसतंच बघायला. कळशी कुनीच आनली नव्हती, पानी आधी विहिरीत जानार हे माहीत होतं. तरी लोक हलंनात. टँकरवरून थेंब गळत होते, तेवढं बघत हुबे होते."

मी विचारलं, गाडी कुठून आली ते माहीत होतं?

"मिरजेवरून."

आणि कुठल्या वाटेनं?

त्यांनी पानाला चुना लावता लावता मान रुळांकडे वळवली. "ह्याच की. बार्शी लायनीनं."